ईस्टरपर्यंत मुक्काम

थंड हवेच्या ठिकाणी पिढीजात हॉटेल चालवणाऱ्या माणसाच्या पंचांगात दोनच ऋतू असतात. एक सीझन आणि दुसरा ‘उरलेलं वर्ष’. सीझनमध्ये त्याला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो आणि उरलेल्या वर्षात त्याच्याशी बोलायला माणूस नसतो. महाबळेश्वरात हे उरलेलं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं. तिथे वर्षाला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच उरकून घेतो. त्यामुळे मे संपता संपता जुन्या बंगल्यांना चहूबाजूंनी गवताच्या झडपा बांधायच्या, गाद्या गुंडाळायच्या, काचेची भांडी पेटीत घालायची, एक राखणदार मागे ठेवायचा आणि आपण पसरणीचा घाट उतरायचा असा रिवाज होता. माथेरानची छोटी गाडी तर आजही पावसाळ्यात नेरळहून वर चढत नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पाऊस म्हणजे धंदा बंद, पुढचं दिवाळीला बघू.

बंद दाराकडे बघून ‘दिवाळीला बघू’ म्हणायचं नाकारणारा एक हॉटेलवाला स्वित्झर्लंडमध्ये होऊन गेला. त्याचं नाव योहानेस बद्रुट. गाव सेंट मॉरित्झ, एंगाडिन खोऱ्यातलं, समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरहून उंच. आज हे नाव घेतलं की फरचे कोट, शॅम्पेन आणि खासगी विमानं डोळ्यांसमोर येतात. पण १८५६ साली बद्रुटनं तिथे एक साधंसं पेन्शन, म्हणजे आपल्याकडचं घरगुती लॉजच, भाड्यानं चालवायला घेतलं तेव्हा त्या खोऱ्याची ख्याती वेगळी होती. एंगाडिनमध्ये नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने थंडी, असं तिथलेच लोक म्हणत. शेतीत फारसं काही पिकायचं नाही. पिकायची ती तरणी मुलं, आणि ती बाहेर जायची. या खोऱ्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या व्हेनिसला आणि तिथून पुढे अख्ख्या युरोपभर मिठाईवाले आणि कॉफीहाउसवाले म्हणून पांगली होती. आपल्याकडे उडुपीकडची माणसं मुंबईत येऊन नाक्यानाक्यावर इडली-वडा देऊ लागली, तसा हा प्रकार. व्हेनिसनं १७६६ साली त्यांना हाकललं, तरी धंदा सुटला नाही. थोडक्यात, परक्याला बसवून, खाऊ घालून, त्याच्याकडून हसत हसत पैसे घेण्याचं शिक्षण त्या खोऱ्याला बद्रुटच्या आधीच मिळालं होतं. उणीव एकच होती. गिऱ्हाईक परगावी होतं. त्याला गावात आणायचं बाकी होतं.

उन्हाळ्यात थोडेफार लोक यायचे, ते पाण्यासाठी. सेंट मॉरित्झच्या तळाशी लोहयुक्त पाण्याचे झरे आहेत आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या नामांकित वैद्यानं त्यांची वाखाणणी करून ठेवली होती. लोक यायचे, गंजासारखं लागणारं ते पाणी तोंड वाकडं करून प्यायचे, त्यातच डुंबायचे आणि प्रकृती सुधारल्याचं पत्र घरी लिहायचे. पण ही स्नानगृहं होती खाली सरोवराकाठी, आणि बद्रुटचं पेन्शन वर गावात, डोंगराच्या अंगावर. त्याच्याकडे पाणी नव्हतं, नुसता देखावा होता. पुढे त्यानं ती जागा विकत घेतली, वाढवली, तिला ‘कुल्म’ हे नाव दिलं, आणि देखाव्यालाही गिऱ्हाईक मिळतं हे सिद्ध केलं. इंग्रज येऊ लागले. जून ते सप्टेंबर घर भरलेलं असायचं. सप्टेंबर संपला की मंडळी ट्रंका बांधायची आणि बद्रुट आठ-नऊ महिने रिकाम्या खोल्यांची उस्तवार करत बसायचा.

आता ती पैज. सेंट मॉरित्झमध्ये ती जशी सांगतात तशीच सांगतो. १८६४ चा सप्टेंबर. निघायच्या बेतात असलेले चार इंग्रज पाहुणे शेकोटीपाशी बसलेले. बद्रुट त्यांना म्हणतो, तुम्ही उगाच लंडनच्या धुक्यात परत जाता. आमच्याकडे डिसेंबरात इतकं ऊन असतं की माणूस कोटाशिवाय बाहेर हिंडतो. इंग्रज हसतात. आल्प्समध्ये, हिवाळ्यात, कोटाशिवाय! मग बद्रुट पैज लावतो. नाताळात या. माझं म्हणणं खोटं ठरलं तर लंडनहून जाण्यायेण्याचा सगळा खर्च माझा. आणि खरं ठरलं तर पाहिजे तितके दिवस माझे पाहुणे म्हणून राहा.

ही पैज नीट वाचून पाहा. ती खोटी ठरली तर प्रवासखर्च बद्रुट देणार. खरी ठरली तर राहण्याजेवणाचा खर्चही बद्रुटच देणार. पैज हरली म्हणून इंग्रजांनी बद्रुटला एखादा शिलिंग द्यावा, अशी सोय त्यात कुठेच नाही. आपल्याकडे एखाद्या मुलानं अशी पैज लावली असती तर वडिलांनी त्याला गल्ल्यावरून उठवलं असतं आणि मामाकडे धाडलं असतं. समजा माथेरानच्या एखाद्या हॉटेलवाल्यानं ऐन जुलैत अशी पैज लावलीच, तर आपण मंडळी काय करू? गणपतीपर्यंत राहू, सोबत साडू आणि साडूची मुलं नेऊ, आणि निघताना एकादशीच्या दिवशी जेवलो नव्हतो त्याचं काय, म्हणून विचारू.

पण बद्रुटला हिशेब कळत नव्हता असं नाही. त्याच्या खोल्या हिवाळ्यात रिकाम्याच होत्या. रिकाम्या खोलीत चार माणसं फुकट ठेवली तर खर्च तो काय? लाकूड, लोणी आणि पाव. उलट ही चार माणसं लंडनला परत गेल्यावर क्लबात काय सांगतील याची किंमत त्या काळच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त होती. शिवाय इंग्रज माणसाला फुकटाचं आमंत्रण नुसतं दिलं तर तो संशय घेतो. पैज म्हणून दिलं तर इभ्रतीचा प्रश्न समजून घोड्यावर बसतो.

घोड्यावर म्हणजे खरोखरच. आगगाडी तेव्हा कूर शहरापर्यंतच होती. ती तिथे पोचली १८५८ साली. तिथून पुढे घोड्यांची गाडी, आणि बर्फ लागलं की घोड्यांनी ओढायची घसरगाडी. जुलियर घाटाचा माथा जवळजवळ २३०० मीटर उंचीवर आहे. चौघेही लोकरीत आणि फरमध्ये गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल चढवून, ध्रुवावर निघाल्याच्या थाटात आले. घाट ओलांडला आणि लख्ख ऊन. वर निळंशार आकाश, खाली पांढरा डोंगर, आणि आत घामानं भिजलेले इंग्रज. दारात बद्रुट उभा, शर्टाच्या बाह्या वर सारलेला. तो मुद्दामच तसा उभा राहिला होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हॉटेलवाल्याचा शर्टसुद्धा धंद्यात असतो.

नाताळात आलेले ते लोक ईस्टरला गेले, उन्हानं रापून तांबूस होऊन. पुढच्या हिवाळ्यात आणखी आले, त्यानंतर आणखी.

ही कथा इतिहासकारांना तितकीशी पटत नाही. पैजेचा कागद नाही, आणि ते चौघे कोण होते ते हॉटेलवाल्यांच्या या गोष्टीत कोणी सांगत नाही. शेजारच्या दाव्होसवाल्यांचं तर म्हणणं आहे की आल्प्समधला हिवाळी पाहुणा हा शोध आमचा. त्यांच्याकडे १८६५ च्या फेब्रुवारीत दोन जर्मन क्षयरोगी येऊन दाखल झाले आणि थंड, कोरड्या हवेत बरे झाले, त्याची तारखेवार नोंद आहे. असेल. पण दोन्ही गावांच्या पुढच्या चालीरीती पाहिल्या की आपापली मूळकथा त्यांना बरोबर शोभते असं वाटतं. दाव्होसला डॉक्टरनं पाहुणे आणले. तिथे लोक गच्चीत ब्लँकेट गुंडाळून ताप मोजत पडू लागले आणि थोमास मान यांना ‘द मॅजिक माउंटन’सारखी भलीमोठी कादंबरी त्यातून मिळाली. सेंट मॉरित्झला पैजेनं पाहुणे आणले. तिथे लोक धडधाकट यायचे आणि हातपाय मोडून घरी जायचे.

त्याचं कारण असं. उन्हाळ्यातला पाहुणा आठ-पंधरा दिवस राहतो, फिरतो, रंगपेटी काढून डोंगर रंगवतो आणि जातो. नाताळपासून ईस्टरपर्यंत राहणाऱ्या पाहुण्याचं करायचं काय? चार महिने होतात. देखावा पहिल्या आठवड्यात पाहून होतो. दुसऱ्या आठवड्यात तो जेवणाला नावं ठेवू लागतो. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या पाहुण्यांना. घरी सासुरवाडीचे पाहुणे आठ दिवस राहिले तर आपण त्यांना सारसबाग दाखवतो, पर्वती चढवतो आणि शेवटी टीव्ही लावून देतो. बद्रुट घराण्यापुढे हाच पेच अख्ख्या हिवाळ्याएवढा होता, आणि टीव्ही नव्हता.

मराठी माणसं अशा वेळी पत्त्यांचा डाव मांडतात. इंग्रज समिती नेमतात. कुल्ममधल्या पाहुण्यांनीही करमणुकीची समिती नेमली. त्यांचा उद्योग आधीपासून चालूच होता. पोऱ्ये सामान पोचवायला वापरायचे त्या घसरगाड्या हे सद्गृहस्थ उसन्या घेऊन गावच्या उतरत्या गल्ल्यांतून सुसाट सोडायचे, आणि बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या भिंतीला चिकटून जीव मुठीत धरायच्या. गावकरी हॉटेलवाल्याकडे तक्रार घेऊन गेले असणार. जाणार तरी कुणाकडे? त्यावर बद्रुटांनी पाहुण्यांना हाकललं नाही. त्यांना वेगळी घसरगुंडी बांधून दिली. १८८४-८५ च्या हिवाळ्यात योहानेसचा मुलगा पेटर याच्या मदतीनं गावातून खाली क्रेस्टा वाडीच्या दिशेनं बर्फाची एक नागमोडी वाट तयार झाली. हीच ती जगप्रसिद्ध ‘क्रेस्टा रन’. त्याच हिवाळ्यात तिच्यावर दाव्होसवाल्यांशी शर्यतही झाली, आणि १८८७ साली इंग्रजांनी रीतसर क्लब काढला.

क्रेस्टावर माणूस पोटावर झोपतो, डोकं पुढे, हनुवटी बर्फापासून वीतभर वर, आणि सव्वा किलोमीटरभर खाली जातो. वेग ताशी १२० किलोमीटरच्याही पुढे जातो. ब्रेक नाही. बुटांच्या टोकांना खिळे असतात, ते बर्फात रोवायचे. नवख्या माणसाला सुरुवातीला एक भाषण ऐकवतात, त्यात कुठकुठली हाडं मोडू शकतात हे समजावून सांगतात. वाटेत ‘शटलकॉक’ नावाचं वळण आहे. तिथे वेग आवरला नाही तर माणूस गाडीसकट कडेच्या गवत आणि भुसभुशीत बर्फाच्या ढिगात जाऊन पडतो. पडला की तो आपोआप शटलकॉक क्लबाचा सभासद होतो आणि त्याला त्या क्लबाचा टाय बांधायचा हक्क मिळतो. नापास झालेल्यांचा वेगळा टाय असावा ही कल्पना मला अतिशय सुसंस्कृत वाटते. आपल्याकडे दहावीला गणितात गेलेल्यांनी असा क्लब काढला तर सभासदांत कितीतरी कर्तबगार माणसं निघतील.

या सगळ्या सुसंस्कृतपणात एक खोट होती. सुरुवातीला बायकाही क्रेस्टावर जात, आणि उत्तम जात. १९२९ साली त्यांना बंदी झाली. प्रकृतीला अपाय होतो वगैरे वैद्यकीय कारणं पुढे केली गेली. त्या बायकांच्या वेळा पुरुषांच्या वेळांच्या फार जवळ येऊ लागल्या होत्या, हे कारण मात्र कुणी पुढे केलं नाही. बंदी उठली २०१८ साली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं डोकं पुढे घालून बर्फावरून घसरण्याचा मूर्खपणा हा पुरुषांचा राखीव विषय राहिला.

मग कुणीतरी दोन घसरगाड्या एकमेकींना जोडल्या, पुढे सुकाणू लावलं, आणि बॉबस्लेचा जन्म झाला. १९०४ पासून त्यासाठी वेगळी वाट आहे. ती दर हिवाळ्यात नुसतं बर्फ आणि पाणी वापरून नव्यानं बांधतात. बांधणारे कारागीर इटलीच्या दक्षिण टिरोलमधून येतात, आणि ते काम काही आठवड्यांत उरकतात. बाकीही खूप काही आलं. युरोप खंडावरचा कर्लिंगचा पहिला खेळ १८८० साली आपल्याकडे झाला असं गाव सांगतं. गोठलेल्या सरोवरावर १९०७ पासून घोड्यांच्या शर्यती लागतात आणि १९८५ पासून पोलोही. हिवाळी ऑलिम्पिक तिथे दोनदा झालं, १९२८ आणि १९४८. पोटावर झोपून घसरण्याचा तो खेळ दोन्ही वेळा ऑलिम्पिकमध्ये होता. इतरत्र ऑलिम्पिक भरलं की तो वगळायचे, कारण एवढी वेडी वाट दुसऱ्या गावाकडे नव्हती. तो परत आला २००२ साली. बर्फावरच्या कितीतरी खेळांच्या मुळाशी गेलं तर तिथे एक हॉटेलवाला सापडतो, पाहुणे कंटाळू नयेत म्हणून खटपट करणारा.

म्हाताऱ्या योहानेसला नव्याची हौस भारी होती. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यानं विजेचे दिवे पाहिले. दुसरा कोणी हॉटेलवाला ते पाहून घरच्यांसाठी अत्तराची बाटली घेऊन परतला असता. यानं दिव्याची यंत्रणाच मागवली, जवळच्या ओढ्यावर छोटं वीजघर बांधलं आणि कुल्मच्या जेवणघरात दिवे लावले. स्वित्झर्लंडमधला तो पहिला विजेचा उजेड. राजधानीत नाही, कारखान्यात नाही, तर सूप कुठल्या रंगाचं आहे ते पाहुण्याला कळावं म्हणून. सूपवाल्यांसाठी ही परीक्षा अवघड गेली असणार, कारण मेणबत्तीच्या उजेडात पुष्कळ काही खपून जातं.

योहानेस १८८९ साली वारला. कुल्म पेटरकडे राहिलं. दुसरा मुलगा कास्पार यानं त्याच गावात, सरोवराकडे तोंड करून, १८९६ साली टोलेजंग ‘पॅलेस’ उघडलं. सेंट मॉरित्झच्या फोटोत हटकून दिसणारा उंच मनोरा याच पॅलेसचा. एकाच बापाचे दोन मुलगे, एकाच गावात, एकाच धंद्यात, एकमेकांच्या खिडकीतून दिसतील अशी दोन हॉटेलं. आपल्याकडे इतक्या सामग्रीवर भाऊबंदकीचे तीन दावे आणि एक सामाईक भिंत सहज उभी राहिली असती. तिथे त्यातून गावाला दोन उत्तम हॉटेलं मिळाली. घरात काय बोलणं होत असे ते आपल्याला कळायला मार्ग नाही, पण सणासुदीला पाहुण्यांची संख्या कुणी कुणाला खरी सांगत नसेल एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

१९०४ साली आगगाडी थेट गावात आली आणि त्या पैजेतला जुलियर घाट पाहुण्यांपुरता निकालात निघाला. मग पॅलेसमध्ये कोण कोण आलं याची यादी लावत बसायचं तर ललित निबंधाचं रजिस्टर होईल. एकच जोडपं सांगतो. आल्फ्रेड हिचकॉक १९२६ च्या डिसेंबरात लग्न करून मधुचंद्राला पॅलेसमध्ये उतरला आणि पुढे आयुष्यभर तिथे येत राहिला. ‘द मॅन हू न्यू टू मच’ या त्याच्या १९३४ च्या चित्रपटाची सुरुवातही सेंट मॉरित्झमध्येच होते, आणि तिथे एका पाहुण्याचा खून पडतो. बद्रुटांनी हे मनावर घेतलं नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तेवढी मोकळीक द्यावी लागते.

मात्र सगळीच वर्षं अशी नव्हती. पहिलं महायुद्ध लागलं आणि एका हंगामात आल्प्समधली हॉटेलं ओस पडली. परिस्थिती इतकी बिकट झाली की १९१५ साली स्विस सरकारला नवीन हॉटेलं बांधायलाच बंदी घालावी लागली. दुसऱ्या युद्धात पुन्हा तेच. पिढीजात हॉटेलाचा इतिहास लिहिणारे हे पान भराभर उलटतात. पण खोल्यांत माणूस नसताना छप्पर दुरुस्त करत राहणं, नळ गोठू न देणं, चांदीचे चमचे कुणी जेवणार नसताना पुसून ठेवणं, ही कामं पैजेइतकीच धिटाईची आहेत. फक्त त्यांच्या गोष्टी होत नाहीत. पगारी व्यवस्थापकाला पुढच्या तीन महिन्यांचा हिशेब द्यावा लागतो. घराण्याला नातवाचा विचार करता येतो, म्हणून ते वाट पाहू शकतं.

नातू मात्र असावा लागतो. कुल्म साठच्या दशकात निआर्कोस या ग्रीक जहाजमालकाच्या हाती गेलं. पॅलेस कास्पारच्या वंशात राहिलं, पण शेवटच्या बद्रुट दांपत्याला मूल नव्हतं. त्यांनी हॉटेल लिलावात काढलं नाही. इतकी वर्षं ते सांभाळणाऱ्या आपल्या मॅनेजरच्या नावे केलं. आपल्याकडच्या थंड हवेच्या गावांत बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. मुलगा असतो, पण तो न्यू जर्सीत असतो. जुन्या पारशी हॉटेलांच्या व्हरांड्यात वेताच्या आरामखुर्च्या असतात, भिंतीवर आजोबांचा फोटो असतो, आणि गल्ल्यावर बसलेले ऐंशीच्या घरातले काका तुम्हाला पुडिंग कसं झालं ते स्वतः विचारायला येतात. त्यांच्यानंतर काय, हे विचारायचं नसतं. अशी वेळ आली की गावातला प्रत्येक बिल्डर अचानक काकांच्या प्रकृतीची चौकशी करू लागतो.

हल्ली मराठी मंडळीही सेंट मॉरित्झला जातात. इटलीतल्या तिरानोहून लाल रंगाची बर्निना गाडी निघते, हिमनद्यांच्या अंगाखांद्यावरून फिरते आणि तिथे येऊन थांबते. डब्यात थेपले निघतात, लसणाची चटणी निघते, शेजारचा जर्मन नाक वळवून मग हळूच मागून घेतो. गाडीतून उतरल्यावर टूर मॅनेजर मोकळा वेळ जाहीर करतो आणि हमखास एक काकू विचारतात, “इथे बघायचं काय?” प्रश्न चुकीचा नाही. आपल्याला थंड हवेची ठिकाणं इंग्रजांनी शिकवली ती पॉइंटांच्या हिशेबात. एल्फिन्स्टन पॉइंट, लुइझा पॉइंट, इको पॉइंट. सकाळी सूर्योदयाचा, संध्याकाळी सूर्यास्ताचा, मधल्या वेळात माकडांचा. पॉइंट झाले की गाव झालं. सेंट मॉरित्झला दाखवण्यासारखं त्या मानानं थोडंच आहे: एक मनोरा, एक सरोवर, एक कललेलं जुनं घंटाघर. बद्रुटनं पाहुण्याला काही दाखवायला बोलावलंच नव्हतं. ऊन आहे, येऊन बस, एवढंच त्याचं म्हणणं होतं. बसायला मात्र आपल्या सहलीच्या वेळापत्रकात जागा नसते, कारण पुढे झुरिकला जेवण असतं आणि तिथे पनीर गार होत असतं.

त्या उन्हाचीही एक खोड आहे. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये त्यानं ऐन वेळी इतका इंगा दाखवला की बर्फ वितळलं आणि दहा हजार मीटरची स्केटिंग शर्यत अर्ध्यावर सोडून द्यावी लागली. तेव्हा तो अपघात होता. आता खोऱ्यातल्या हिमनद्या वर्षागणिक मागे सरकतायत, स्की करायच्या उतारांवर रात्री यंत्रं बर्फ फवारतात, आणि २०१६-१७ च्या हिवाळ्यात जवळच्या पॉन्त्रेसिनात लडाखच्या सोनम वांगचुक यांच्या पद्धतीचा बर्फाचा स्तूप उभा राहिला. जगाला बर्फावर खेळायला लावणाऱ्या खोऱ्यात बर्फ राखण्याची युक्ती लेहच्या बाजूनं गेली, ही देवाणघेवाण योहानेसला आवडली असती. त्यानं बहुधा वांगचुकांना जेवायलाही थांबवून घेतलं असतं, विजेच्या दिव्याखाली.

आणि जाहिराती तर साफ उलट्या झाल्या आहेत. आल्प्समधली उंचावरची गावं आता लोकांना ऐन उन्हाळ्यात बोलावतात: खाली मिलान, रोम भाजून निघतंय, आमच्याकडे रात्री अजून पांघरूण लागतं, चार दिवस थंडीसाठी या. ज्या थंडीबद्दल खोऱ्यातले लोक स्वतःचीच थट्टा करायचे, ती थंडी आता खोलीच्या भाड्यात धरली जाते. फक्त आवडलं नाही तर येण्याजाण्याचं भाडं आम्ही देऊ, असं म्हणणारा अजून कुणी पुढे आलेला नाही.